मागून घेतलेला नवा करार

मोहाच्या सुक्या फुलांचा वास आला की मला धुळ्याचं वसतिगृह आठवतं. सातपुड्याकडून आलेल्या माझ्या मैत्रिणीच्या पेटीला तो वास होता, आणि पेटीतल्या बायबलच्या नव्या करारालाही. मीच तो वाचायला मागून घेतला. सुरुवातीच्या वंशावळीतच अडकले, तेव्हा ती हसून म्हणाली, “नावं सोड, जन्मापासून वाच.” आठवडाभर रोज वाचत होते. रविवारी सोनगीरहून माझे वडील भेटायला आले आणि उशाजवळचं पुस्तक त्यांना दिसलं. “हाई पुस्तक कोनं शे?” “हिनं दिलं,” मी मैत्रिणीकडे बोट दाखवत म्हणाले. ते खरंच होतं. मी मागितलं होतं, एवढंच सांगितलं नाही. ती मुलींना ख्रिस्ती करायला बघते, अशी वडिलांनी अधीक्षकांकडे तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी तिला वसतिगृहातून काढलं. पेटी उचलताना तिनं विचारलं, “कुठपर्यंत आलीस?” मी पुस्तक मिटून तिच्या हातात ठेवलं. पुढे मी स्वतःची प्रत विकत आणली, पण तेव्हा जिथवर आले होते, त्या पानापुढे अजून जाववत नाही.