पिळवटीज

"बावीस वर्षांची बँकेतली नोकरी सोडून लोकांना सतरंजीवर लोळायला शिकवणार?" नवऱ्याचा आवाज चढला होता.

"लोळायला नाही हो. पिलाटीजचे व्यायाम शिकवणार."

"तेच ते, पिळवटीज!"

सासूबाई खाली बसून शेंगा सोलत होत्या. त्यांना उठवायला एरवी दोघं लागायची, म्हणून तो सवयीने हात द्यायला वाकला.

"हो बाजूला," त्या म्हणाल्या. त्यांनी श्वास सोडला, पोट आत ओढलं आणि कशालाही न धरता त्या ताठ उभ्या राहिल्या. "तीन महिने रोज तू यायच्या आत हिनेच पिळवटलंय मला."

नवऱ्याने पुढे केलेला हात मागे घेतला. सुनेला मात्र बावीस वर्षांत बँकेने असा आनंद एकदाही दिला नव्हता.

"उद्या राजीनामा देतेय," ती म्हणाली. "सकाळी सहाला माझा वर्ग असेल. चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा."