शाम-ए-बसऱ्याची माती

मी आयुष्यात एकही कुस्ती जिंकलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्यात माझ्या या नालायकीचा मोठा हात आहे. जिंकणाऱ्याचा मातीशी संबंध पायापुरताच. माझं आधी नाक मातीत जायचं, मग पाठ लागायची, आणि वरून कोणीतरी छातीवर बसलेला असायचा. त्यामुळं जोतीराम वस्तादांच्या तालमीतल्या मातीचा वास माझ्याइतका कोणाला ठाऊक असेल, असं मला वाटत नाही. पुढं मी पलूसला द्राक्षांच्या पेट्यांचा धंदा टाकला आणि वस्तादांनी माझ्या वडिलांना निरोप पाठवला, "मदननं लय चांगला निर्णय घेतला."

गोष्ट मात्र हरणाबाईंची आहे. वस्तादांच्या बायकोची. आम्ही सगळी पोरं त्यांना काकी म्हणायचो.

काकी जत तालुक्यातल्या. कानडीच्या वळणाचं मराठी बोलायच्या, त्यावरून आम्ही चेष्टा करायचो आणि त्या आमच्याच दुधात बदाम कमी घालून वचपा काढायच्या. लग्नाआधी वस्तादांनी तिकडच्या एका उरुसात मोठी कुस्ती मारली. बक्षीस म्हणून फेटा मिळाला आणि कुणा शौकिनानं खिशातली अत्तराची बाटली काढून वर दिली. बाटलीवर निळं लेबल, त्यावर उंट आणि मिनार, बुचाला जरीचा गोंडा. नाव ‘शाम-ए-बसरा’. वस्तादांनी ती लग्नात काकींना दिली. टँकरच्या पाण्यावर वाढलेली पोर. असली वस्तू रोज वापरायची नसते, प्रसंगाला काढायची असते, एवढं तिला कळत होतं. तिनं बाटली तशीच ट्रंकेत ठेवली.

प्रसंग आला तो नागपंचमीला. कुंडलच्या बाजूला आमची वाडी, तिथं नागपंचमीला तालमीच्या हौद्यातली, म्हणजे आखाड्यातली, लाल माती खणून, चाळून, तिला खाऊ घालायची पद्धत होती. ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर आणि शेवटी अत्तर. हे सगळं काकी घरात तयार करायच्या आणि दारातून बाहेर द्यायच्या. हौद्यात बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही, हा नियम. त्या वर्षी अत्तरवाला आलाच नाही. माती कालवून झालेली, पोरं लंगोट लावून बसलेली.

राजाराम तेव्हा ताकाची घागर न्यायला दारात होता. राजाराम म्हणजे आमच्या तालमीचा हुकमी एक्का, पुढं फौजेत गेला. त्यानंच हे मला सांगितलं. "वस्ताद दारात नुसतं हुबं ऱ्हायलं रं. काकींनीच इचारलं, अत्तर न्हाई व्हय? आन आत जाऊन ती बाटली आणून हातात ठेवली. बूचबी काढल्यालं न्हवतं."

त्या साली कुंडलच्या मैदानात राजारामनं त्याच्या दीडपट वजनाचा गडी आस्मान दाखवून पाडला. झालं. पैलवान हा जगातला सगळ्यात भित्रा माणूस असतो, त्याला लंगोटाचा रंगसुद्धा बदलवत नाही. वस्तादांनी ठरवूनच टाकलं की आता मातीला हेच अत्तर. दर नागपंचमीला एक बाटली. सांगलीच्या पेठेतून यायची, आणि दरवेळी ती काकींच्या हातातून दाराबाहेर जायची.

काकींच्या वाट्याला त्यातलं काय यायचं? वस्ताद तालमीतून घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला जो वास असायचा, तेवढाच. त्यांचा लंगोट आणि धोतर धुतलं की पाणी लाल व्हायचं. ते पाणी त्या मोरीत सोडत नसत, परसातल्या जाईच्या वेलाला घालत.

मग कंपनी बंद पडली. सांगलीच्या दुकानदारानं शेवटची पेटी आमच्यासाठी बाजूला ठेवली होती, ती संपली, आणि तिथून पुढं वस्तादांच्या पोरांनी जो शोध मांडला त्याचं मला अजून नवल वाटतं. कुणी फौजेत, कुणी पोलिसात, कुणी साखर कारखान्याच्या गेटवर. बदली झाली की आधी गावातला जुना अत्तरवाला गाठायचा. अजमेरहून बाटली आली, हैदराबादहून आली. एक तर अर्धीच होती, ती कुणा म्हाताऱ्याच्या कपाटातली, त्यानं तालमीचं नाव मोठं कर म्हणून आशीर्वादासह दिलेली. माझ्या मुलीनं, ब्राह्मीनं, मोबाईलवर मला दाखवलं की या अत्तरासाठी जीव टाकणारी माणसं देशभर आहेत. रिकाम्या बाटल्या जपून ठेवतात, नुसतं बूच हुंगतात. त्यांनी लिहिलं होतं, आधी संत्र्याची साल येते, मग लवंग, आणि रात्री उशिरा ऊद. आम्हाला आधी माती यायची आणि मग वस्तादांची शिवी. पण बाकी सगळं अगदी खरं होतं.

शेवटी बाटल्या मिळेनाशा झाल्या. तरी मातीनं वास सोडला नाही. इतक्या वर्षांचं मुरलेलं अत्तर, पाणी मारलं की वर यायचं. आणि वस्ताद गेल्यावरसुद्धा येत राहिलं.

वस्ताद गेले तेव्हा काकींनी फार रडारड केली नाही. फक्त संध्याकाळी तालमीबाहेरच्या पायरीवर जाऊन बसू लागल्या. पोरं माती भिजवायची तीच वेळ. माझ्या बायकोनं, आक्काताईनं, एकदा विचारलं की इथं का बसता. काकी म्हणाल्या, "हितं बसलं की त्ये घरला आल्यागत वाटतंय."

गेल्या उन्हाळ्यात काकी माहेरी जतला लग्नाला गेल्या. इकडं गावच्या कमिटीला निधी मिळाला. नवा हॉल, त्यात मॅट. मॅट हवीच, पोरांना पुढं मॅटवरच खेळायचंय, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जेसीबी आला, तालीम पाडली, आणि हौदा उपसून माती डंपरात भरून कुठंतरी भरावाला दिली. कुणाच्या मनात पाप नव्हतं. मातीचं कुणी काय विचारायचं?

काकींनी विचारलं. परत आल्या, सपाट जागा बघितली, आणि घरोघर फिरल्या. "माती कुठं टाकली?" डंपरवाल्याला आठवेना, त्यानं त्या आठवड्यात चार गावांना भराव घातला होता. काकी घरी गेल्या त्या बाहेर पडेनात. राजारामचा मला फोन आला. निवृत्त सुभेदार, पण आवाज रडवेला. "मदन, काकी जेवंना झाल्यात. दुसरं कायबी मागंनात रं. मातीच मागत्यात. कुठनं आणू?" मला खरंच वाईट वाटलं. पण मी तरी काय करणार होतो, सांगली जिल्ह्यात मातीला तोटा आहे का?

तालीम पाडली त्याच आठवड्यात माझ्या नव्या गोडाऊनच्या जोत्यातही भराव पडला होता. तो बसावा म्हणून फोनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाईप लावून पाणी मारत होतो. आक्काताई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"आवं, कुणाचं अत्तर लावून बसलाय?"

मी म्हणालो, घामाला अत्तर म्हणतेस होय. आणि तेवढ्यात मलाही वास आला. संत्र्याची साल. मग लवंग. पाईप हातातून सुटला. मी त्या भरावावर गुडघे टेकले, मग पालथा पडलो, नाक मातीत घातलं. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला व्यापारी, इस्त्रीच्या शर्टात. आक्काताईला वाटलं झटका आला. मला वाटत होतं की वरून आत्ता वस्ताद ओरडतील, "मदन्या, ऊठ की रं."

बाटली संपली, कंपनी बुडाली, माणूस गेला, तालीम गेली, माती डंपरात घालून नेली, आणि ते अत्तर माझ्याच दारात येऊन पडलं होतं. आमच्यात देवाकडं फार मागत नाहीत, पण त्या दिवशी मी हात जोडले.

राजारामला फोन केला. त्यानं कोणाकोणाला केला देव जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गोडाऊनसमोर म्हाताऱ्या पैलवानांची जत्रा. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाचे कुस्तीनं फुगलेले कान अजून तसेच, एकजण नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आलेला. प्रत्येकानं आल्या आल्या एकच केलं: वाकून मूठ उचलली, नाकाशी नेली, आणि डोळे मिटले. मग घमेली घेतली. खालचा मुरूम वेगळा करून वरची लाल माती त्यांनी अशी सोडवली की माझा गवंडी काम टाकून बघत राहिला.

हौदा नवीन हॉलमध्ये होणार नव्हता. तो आम्ही काकींच्या परसात खणला, जाईच्या वेलाजवळ. माती ओतली, पाणी शिंपडलं. वास वर आला तशा काकी मागच्या दारात आल्या. आल्या आणि उंबऱ्यावर थांबल्या. आयुष्यभर त्या तिथंच थांबल्या होत्या.

राजाराम म्हणाला, "काकी, या."

"मी कशी यिऊ? हौदा हाय त्यो."

नियम आम्हा सगळ्यांच्या हाडात होता. मग राजारामनं खाली वाकून चिमूटभर माती घेतली, दारापर्यंत गेला, आणि हळदीकुंकवाला अत्तर लावतात तशी काकींच्या हाताच्या मागच्या बाजूला लावली. वस्ताद गेल्यापासून त्या हाताला कुणी अत्तर लावलं नव्हतं.

काकींनी हात नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"माझ्या लग्नातली बाटली ही," त्या म्हणाल्या. "मी कवा लावलीच न्हवती."

मग त्यांनी चपला काढल्या, उंबरा उतरल्या, आणि हौद्यात पाय ठेवला. वाकून मूठभर माती उचलली आणि कुस्तीआधी पैलवान समोरच्याला लावतो तशी राजारामच्या खांद्यावर लावली. मग शेजारच्याच्या. मग पुढच्याच्या. इतकी वर्षं दारातून बघितलेलं सगळं त्यांना पाठ होतं. माझ्यापाशी आल्या तेव्हा मी सवयीनं मान खाली घातली.

"वर बघ," काकी म्हणाल्या, आणि माझ्या कपाळाला माती लावली.