व्याजावर जगायचा बेत मी मोडला

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. लेकींना सांगितली नाही, जावेला नाही, देवापुढं हात जोडतानाही मनातल्या मनात कधी बोलले नाही. ज्या दोघांना सांगायला पाहिजे होती ते दोघंही गेले. पण आता मन हलकं करायला बसलेय असं समजू नका. माझं मन जड नाही — निदान मी तरी तसं म्हणते. तुम्ही ऐका. मग काय वाटायचं ते वाटू द्या.

नांदूरघाटला आमचं किराणा दुकान. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, उभं केलेलं. वाटणीत ते आमच्या मालकांकडं आलं. गाव त्यांना अप्पा म्हणायचं. धाकटे दीर, बसूभाऊजी, यांनी आपला हिस्सा रोख घेतला आणि मांजरसुंब्याच्या फाट्यावर हॉटेल टाकलं. सगळं तोंडी झालं. कागद कशाला करायचा? दोघा भावांत वाकडा शब्द नव्हता. भाऊजी माल भरायला आले की शेंगांच्या पोत्यावर बसायचे आणि दोघं एकाच ताटात जेवायचे. हे आधीच सांगते — कारण मी काय मोडलं ते तुम्हाला नीट कळायला पाहिजे.

आम्हाला दोन लेकी, दोघी आपापल्या घरी. मुलगा नाही.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, रोज नवीन साबण, नवीन बिस्किट. अप्पांना त्या सगळ्याचा कंटाळा आला होता. उभं राहून राहून गुडघे गेले होते. दुपारी गल्ल्यामागं बसायचे तेव्हा दोन्ही हातांनी गुडघे धरून बसायचे, जसं कुणी पळून जाणाऱ्या पोराला धरावं. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, दुकान विकायचं. पैसे बँकेत ठेवायचे आणि कपिलधारला, देवस्थानापाशी, एक खोली घेऊन राहायचं. सगळा बेत त्यांनी डोक्यात तयार केला होता. व्याज महिन्याला दोन हजार. त्यात किराणा, दूध, लाईट, माझ्या दम्याच्या गोळ्या, सणाला लेकींचं लुगडं-चोळी — आणि वर दोनशे शिल्लक. मुद्दलाला हात लावायचाच नाही.

मी विचारलं, "आन धा वर्सांनी?"

"धा वर्सांनी काय? आपली पोटं काय वाढणार हायेत का?"

"पोटं न्हाई वाढणार. भाव वाढतील."

ते हसले. मला राग आला. कारण दुकानाच्या फळीवर खडूनं भाव लिहायचं काम माझं होतं. साखर, तेल, तूरडाळ — पुसायचं आणि नवीन लिहायचं. मी नांदायला आले तेव्हाचा तेलाचा भाव आणि आताचा, यांची आपसात ओळखसुद्धा राहिली नव्हती. आणि हा माणूस उरलेलं सगळं आयुष्य एकाच आकड्याला बांधायला निघाला होता! दोन हजार आज राजाचे. उद्या? परवा? गोळ्यांचे पैसे संपले की काय करायचं — लेकीच्या दारात जाऊन बसायचं?

मी भांडले. नुसती भांडले नाही, मार्गही सांगितला. विकू नका, म्हटलं. गाळा भाड्यानं द्या. व्याज आहे तिथंच राहतं, भाडं दोन-तीन वर्षांनी वाढवून मागता येतं. किंवा विकलंच तर निम्मंच व्याज खाऊ, निम्मं परत मुद्दलात टाकू, म्हणजे भाव वाढले तर मुद्दलही थोडं वाढलेलं असेल. आज पोटाला चिमटा घेऊ, पण म्हातारपणी नको. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाड्याच्या मागं कोन हिंडणार? मला मोकळं व्हायचंय गं. एकदाच."

एकदाच. हा शब्द मला अजून ऐकू येतो. येऊ दे.

गिऱ्हाईक मिळालं. केजचे व्यापारी, आमच्यातलेच, लिंगायत, सज्जन माणसं. भाव ठरला, इसाराचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या आठवड्यात त्या व्यापाऱ्याची आई दुकानामागचं घर बघायला आली. सगळं बघून झाल्यावर चुलीपाशी माझ्याजवळ बसली, मी चहा ठेवला. बाई मोकळी होती. म्हणाली, तुमच्या पायगुणानं चालू दे माझ्या लेकाचं दुकान.

आणि मी — मी काय केलं?

मी आवाज बारीक केला. म्हटलं, तुम्ही आईसारख्या, म्हणून सांगते; माझं नाव कुठं घेऊ नका. दुकानावर आमच्या भाऊजींचा हक्क आहे. वाटणीचा कागद नाही. विकलं की कोर्टात जातो असं ते म्हणून राहिलेत.

एवढंच. चहा उतू जायच्या आत बोलून झालं. भाऊजी असं कधीही म्हणाले नव्हते. हां, एकदा हसत म्हणाले होते, "दादा, अण्णांनी उभं केलेलं दुकान, इकू नका बरं का." त्या एका वाक्यावर मी माझं खोटं उभं केलं. आधारासाठी तेवढं पुरलं. दुसरं काही सांगता आलं नसतं का? छप्पर गळतं, उंदरं आहेत, धंदा बसलाय? आलं असतं. पण त्यानं नुसता भाव कमी झाला असता. सौदा मोडायला माणूस लागतो. मी भाऊजींना घेतलं.

इसाराच्या दिवशी कुणी आलं नाही. मधला माणूस आला आणि अप्पांना बाजूला घेऊन म्हणाला, तुमच्या भावाचीच हरकत हाय म्हणं.

अप्पा तसेच एसटीत बसून मांजरसुंब्याला गेले. संध्याकाळी परत आले. भावाच्या हॉटेलात बसून भावाचा चहा न पिता उठून आले होते. मी भाकरी थापत होते. उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "खोटं बोलला. गळ्यातल्या लिंगाला हात लावून खोटं बोलला बसू."

माझ्याही गळ्यात लिंग होतं. मी भाकरी उलटली.

त्या क्षणी सांगता आलं असतं. सौदा तर मोडलाच होता, माझं काम झालं होतं. फार तर शिव्या खाल्ल्या असत्या, फार तर एक मुस्काटात. पण मी ताट वाढलं, वर तेलाची धार सोडली आणि म्हटलं, "जाऊ द्या. आपलेच दात आन आपलेच ओठ." बघा — मला म्हणसुद्धा सुचली.

त्यानंतर दोघं भाऊ बोलले नाहीत. भाऊजींच्या मुलीच्या लग्नाला अप्पा गेले नाहीत. बीडला जाताना फाट्यावर एसटी थांबली की ते मान फिरवून पलीकडच्या खिडकीतून बघत बसायचे. मी शेजारीच असायचे.

आता तुम्ही विचाराल, महागाईचं खरं ठरलं का? ठरलं, आणि ते मी ठासून सांगते. आमच्या गल्लीत एक रिटायर कंपाउंडर होते. त्यांनी शेत विकून असंच व्याज लावलं होतं. आधी आमच्याकडून डाळ किलोनं न्यायचे, मग अर्धा किलो, मग पावशेर. पुढं बँकांनी व्याजही खाली आणलं. त्या दोन हजारांत आमचा महिना तर सोडाच, पंधरवडा निघाला नसता. दुकान राहिलं म्हणून आम्ही कुणापुढं हात पसरला नाही. अप्पांच्या आजारपणात लातूरच्या दवाखान्याचं बिल दुकानानं दिलं. तेव्हा सौदा मोडला ते चुकलं का? नाही. आज पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा मोडीन.

इथं थांबले असते तर बरं दिसलं असतं. पण अर्धं सांगायचं तर तोंड कशाला उघडायचं?

सौदा मोडल्यावर गाळा भाड्यानं द्यायची गोष्ट मी परत काढली का? नाही. एकदाही नाही. गिऱ्हाईकं येत होती, विचारत होती. दिला असता तर भाडं वाढत राहिलं असतं, अप्पांना कपिलधारची खोली मिळाली असती आणि माझा महागाईचा हिशेबही बसला असता. उपाय माझाच होता — मग मी गप्प का? कारण मला गल्ला सोडायचा नव्हता. त्या गल्ल्यावर गाव मला "अक्का, काय भाव?" विचारायचं. माझ्या शब्दानं उधारी मिळायची आणि बंदही व्हायची. कपिलधारच्या खोलीत मी कोण? दोन माणसांचा स्वयंपाक करणारी म्हातारी. महागाई खरी होती. तिच्याआड मी बसले होते हेही खरं.

अप्पा शेवटपर्यंत दुकानात राहिले. गुडघ्यांना पट्टे बांधून उभे राहायचे. सन दोन हजारच्या पुढची पाच-सहा वर्षं गेली असतील, एका सकाळी गूळ तोलता तोलता खाली बसले ते उठलेच नाहीत.

माती द्यायला भाऊजी आले. सगळ्यांच्या मागं उभे राहिले. लोक पांगल्यावर माझ्याजवळ आले. म्हातारे दिसत होते. म्हणाले, "वहिनी, दादाला न्हाई पटलं. पन तुमाला तरी वाटतं का, मी असं केलं असंल?"

आता कुणाची भीती होती? ज्यानं रागवायचं तो मातीत होता. नुसतं "नाही" म्हटलं असतं — खरं न सांगता नुसतं "नाही" — तरी तो माणूस मोकळा होऊन घरी गेला असता.

मी म्हटलं, "आता कशाला ते, भाऊजी."

त्यांनी मान हलवली, चपला घातल्या आणि स्टँडकडं गेले. त्यानंतर दीड-दोन वर्षांनी तेही गेले.

सौदा मोडल्याचं मला काही वाटत नाही. अप्पांचे गुडघे आणि भाऊजींचं नाव — ही दोन्ही मी वापरली. महागाईनं नाही, नशिबानं नाही, मी. जाऊबाई अजून मांजरसुंब्याला आहेत. आपल्या नवऱ्यावर कुणी आळ घेतला हे त्यांना ठाऊक नाही. हे त्यांच्या कानावर गेलं तर त्या येतील, दारात उभ्या राहून बोलतील. मी दार लावून घेणार नाही. पाय धरणार नाही. विचारलं तर "हो, मीच" म्हणेन, आणि त्या बोलतील ते उभी राहून ऐकेन.