हाय म्हंजे आहे

आम्रपालीबाईंच्या शाळेत संगणक नव्हता. संगणक सोडाच, वर्गातला दिवासुद्धा त्याच्या मनात आलं तरच लागायचा. तरीही एकोणीसशे नव्याण्णव साली कडेगावजवळच्या त्या शाळेची सहावीतली पोरं पुण्याच्या पोरांशी ईमेलनं बोलत होती. ही करामत एकट्या बाईंची.

आठवडाभर मुलं वहीच्या पानांवर पत्रं लिहायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई ती पिशवीत घालून एसटीनं साताऱ्याला माहेरी जायच्या. स्टँडजवळ लालासाहेबांचं सायबर कॅफे होतं. लालासाहेब फौजेत वायरलेसवर होते. निवृत्त होऊन त्यांनी तीन संगणक मांडले, पण सवय काही जाईना. प्रत्येक ईमेलच्या शेवटी ते 'ओव्हर' लिहायचे. देवनागरी अक्षरं पलीकडे नीट उमटतील याचा भरवसा नव्हता, म्हणून बाई पत्र वाचायच्या आणि लालासाहेब इंग्रजी अक्षरांत मराठी ठोकायचे. पुण्यात बाईंची डी.एड.ची मैत्रीण नीलिमा ते आपल्या वर्गाला वाचून दाखवायची. उत्तरं छापून आणली की बाईंचा भूगोलही त्यावर चालायचा आणि मराठीही. सरकारनं सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकी देणार नव्हतं, तरी बाई करत होत्या.

वर्गात क्रांती नावाची एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं, पण वर्गात तोंडातून चकार शब्द नाही. पाचवीला असताना ती 'हाय' म्हणाली म्हणून आधीच्या गुरुजींनी तिला उभं करून वीस वेळा 'आहे' म्हणायला लावलं होतं. पोरं पोट धरून हसली. त्या दिवसापासून तिनं जे तोंड मिटलं ते मिटलंच. ते उघडावं म्हणून बाईंचा जीव तुटत होता, कारण डी.एड.च्या पाठाला हेच 'हाय' तोंडातून निसटलं तेव्हा त्याही अशाच कानकोंड्या झाल्या होत्या. तेव्हापासून बाई शाळेत 'आहे' म्हणायच्या आणि घरी आईशी 'हाय'.

एका शुक्रवारी क्रांतीनं पत्र दिलं. 'माझं नाव क्रांती हाय. माझी आई उसाच्या रानात हाय. तुमच्या गावात ऊस हाय का?'

दुसऱ्या दिवशी कॅफेत ते टाइप करताना लालासाहेबांची बोटं थांबली. "बाई, 'हाय'चं 'आहे' करू का?"

"नको. पोरीनं लिहिलंय तसंच जाऊ द्या."

पुढच्या शनिवारी उत्तर आलं. 'क्रांती, तू तीन वेळा हाय म्हणालीस, म्हणून आम्हीपण म्हणतो. हाय! हाय! हाय!'

पुण्याच्या पोरांना ते इंग्रजीतलं 'हाय' वाटलं होतं. बिचारी पोरं प्रेमानंच म्हणाली होती, पण बाईंपुढं पेच पडला. वाचून दाखवावं तर पोरगी कायमची मिटणार. दडवावं तर तिच्या पहिल्या पत्राला उत्तरच नाही. 

सोमवारी त्यांनी ते वाचलं. वर्ग खदाखदा हसला. क्रांतीची मान खाली गेली ती वर येईना.

बाईंनी कागद टेबलावर ठेवला. "हसताय काय रं?" त्या म्हणाल्या. "त्यास्नी हाय म्हंजे काय ते ठावं न्हाई. आपल्याला ठावं हाय. मग त्यास्नी कोण शिकवणार?"

पोरं बाईंकडं बघू लागली. बाई आपल्यासारखं बोलतात हे पोरांनी पहिल्यांदाच ऐकलं. आणि खालच्या मानेनंच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं क्रांती म्हणाली, "बाई, मी लिवते."

तिनं पानभर लिहिलं. हाय म्हंजे आहे, न्हाई म्हंजे नाही, कवा म्हंजे केव्हा. लालासाहेबांनी ते एक अक्षर न बदलता ठोकलं आणि त्या दिवशी 'ओव्हर' दोनदा लिहिलं.

उत्तराचं चांगलं लांबलचक भेंडोळं आलं. पुण्याच्या प्रत्येक पोरानं एकेक वाक्य लिहिलं होतं. बाईंनी ते देवनागरीत उतरवून क्रांतीच्या हातात दिलं आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसल्या. क्रांती फळ्यापाशी उभी राहून वाचू लागली. 'माझी शाळा मोठी हाय.' 'माझ्याकडे सायकल हाय.' आवाज आधी कापरा होता, मग मोकळा झाला. पोरं हसत होती, पण आता हसणं निराळं होतं. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

मध्येच क्रांती थांबली. कपाळाला आठी घालून तिनं बाईंच्या टेबलावरचा लाल पेन उचलला.

"काय झालं गं?" बाईंनी विचारलं.

"यांनी लिवलंय, आमच्या बाई चांगल्या हाय." क्रांतीनं ते खोडलं. "चुकलं की! बाईंना 'हाय' न्हाई म्हनायचं. मोठ्या माणसाला 'हायती' म्हनायचं. बाई चांगल्या हायती."

मग तिनं मागच्या बाकाकडं बघितलं आणि तेच वाक्य पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं.