चाळीस फुटांची खूण

मामाचा कॅमेरा जर्मन होता. महायुद्धात इटलीत असताना त्यानं तो एका कैद्याकडून सिगारेटी देऊन घेतला होता आणि साताऱ्याच्या घरात लोखंडी ट्रंकेत, लष्करी मफलरमध्ये गुंडाळून ठेवला होता. त्याच्या छोट्या खिडकीतून पाहिलं की एका माणसाच्या दोन आकृत्या दिसायच्या. भिंगाची कडी फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की नेम बसला. भिंग सरकताना कॅमेऱ्याच्या आतलं धातूचं एक बोट ढकलायचं आणि त्या बोटावर हा सगळा खेळ चालायचा. त्यामुळं दुसऱ्या कॅमेऱ्याचं भिंग त्याला चालत नसे. आणि बाहत्तरच्या दुष्काळात मला नेमकं दुसरंच भिंग हवं होतं.

का, ते सांगते. म्हसवडच्या बाजूला पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. पाण्याला टँकर सरकारी, पिंप सरकारी. पण बौद्धवाड्यातल्या बायकांनी त्या पिंपाला हात लावायचा नाही. त्यांनी खाली बसून ओंजळ धरायची आणि दुसऱ्या कुणी तरी वरून ओतायचं. ओतणारीला सवड नसेल तर तसंच बसून राहायचं. उन्हात खडी फोडून आलेली बाई, घशाला कोरड, पाणी हाताच्या अंतरावर, आणि ती वाट बघत बसलीय. हे सोसणाऱ्यांपैकीच एक मावशी समतेसाठी काम करणाऱ्या आमच्या मंडळाच्या सभेला आली आणि उभी राहून बोलली, तेव्हा आम्हाला कळलं.

मी तेव्हा विशीतली होते आणि पत्रकं लिहायची. ‘पाणी कुणाच्या बापाचं?’ हा मथळा माझाच. ते पत्रक घेऊन आम्ही कामावरच्या साहेबाकडं गेलो. त्यानं ते नीट घडी घालून परत दिलं. म्हणाला, “असलं काही होत नाही. पुरावा आणा.”

मग कॅमेरा गळ्यात अडकवून मी कामावर गेले. पिंपापर्यंत पोचायच्या आत मुकादमानं बौद्धवाड्यातल्या बायकांच्या हातात फुलपात्र दिलं. “काढा की ताई फोटू. हसा गं जरा.” बायका फुलपात्र धरून उभ्या राहिल्या, प्यायली एकही नाही. चार दिवसांनी मावशी भेटली. “तू पाठ फिरवलीस आन् त्येनं फुलपात्र राखेनं घासून घेतलं,” ती म्हणाली. “काय काढायचं ते लांबनं काढ की गं.”

लांबून काढायला लांब पल्ल्याचं भिंग लागतं. ते मिळालं सांगलीत. तिथल्या एका स्टुडिओवाल्या चाचांकडं मोडलेल्या कॅमेऱ्याचं एक भिंग पडून होतं. त्याची आतली पाती उघडीच अडकलेली होती, म्हणजे नेमातलं तेवढंच स्पष्ट, बाकी सगळं धुरकट. “न्या बेटी,” चाचा म्हणाले, “पण तुमच्या कॅमेऱ्याला हे बसायचं नाही. ह्याचे आटे निराळे, त्याचे निराळे.”

ते बसवायचं काम दादाचं. माझा हा मोठा भाऊ कऱ्हाडला इंजिनिअरिंग शिकत होता. मामानं कॅमेरा त्याच्या हाती दिला तो शपथ घालूनच. “त्याला आतनं-भायेरनं एक वरखडा उठला तर दोघं बी माझ्या दारात यायचं न्हाई.” दादानं कॉलेजच्या लेथवर पितळेची कडी कातली, एका बाजूला भिंगाचे आटे, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याचे. भिंग बसलं. पण आतलं बोट ह्या भिंगाला ओळखेना, खिडकीतल्या दोन आकृत्या काहीही सांगू लागल्या. मग त्यानं खिडकीचा नादच सोडला. कॅमेऱ्याची पाठ काढली. सूक्ष्मदर्शकाची एक काचपट्टी व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टनं एका बाजूनं धुरकट केली आणि फिल्मच्या जागी ठेवली. काचेवर उलटं चित्र उमटायचं. वसतिगृहाच्या मैदानात मी अंतरं मोजून उभी राहायची, तो चित्र स्पष्ट करायचा आणि भिंगावर चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवर शाईनं खूण करायचा. वीस फूट, तीस फूट, चाळीस फूट.

बेत सोपा होता. मंडळाचे कार्यवाह, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, मावशीला घेऊन पिंपामागच्या बाभळीखाली बसतील आणि मुकादमाला बोलण्यात गुंतवतील. मी अलीकडं खडीच्या ढिगाआड. ढिगापासून पिंप चाळीस फूट, हे मावशीनं आदल्या दिवशी पावलांनी मोजून ठेवलेलं. मी भिंग चाळीसच्या खुणेवर लावलं आणि वाट पाहिली. बायका आल्या, बसल्या, ओंजळी पुढं झाल्या, वरून पाणी पडलं. अख्खं रीळ संपवलं. तिथून थेट सांगली गाठली. सारा रस्ता मनात पत्रक लिहीत होते.

दादाही कऱ्हाडहून आला होता. चाचांच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली पहिला कागद पाण्यात हलायला लागला. पिंपाच्या जागी काळा ठिपका, बायकांच्या जागी धुरकट गोळे. हात नाहीत, ओंजळ नाही, पाणी नाही. दुसरा कागद तसाच. तिसराही तसाच. दादानं दारातल्या उजेडात खिशातून काचपट्टी काढून पाहिली आणि कपाळावर हात मारला. “खरखरीत बाजू बाहेर ठेवली मी. आत ठेवली असती तर मामाच्या कॅमेऱ्याला ओरखडा उठला असता.” चित्र त्या खरखरीत बाजूवर उमटायचं, ती फिल्मच्या मागं गेली; काचेच्या जाडीएवढा नेम चुकला होता आणि चाळीस फुटांवरचं सोडून भिंगानं मागचं टिपलं होतं.

मागचं म्हणजे बाभूळ. चाचा कागद निथळत म्हणाले, “बेटी, मागं बघा. मागचं लख्ख आलंय.”

मी पाहिलं. बाभळीचा काटान् काटा दिसत होता. सतरंजीवर मुकादम कपबशी धरून बसलेला. सतरंजीच्या बाहेर, मातीत, मावशी. तिची ओंजळ पुढं आणि तिच्यावर वाकून आमचे भाऊ तांब्यानं वरून पाणी ओततायत. पाण्याची धारसुद्धा स्पष्ट दिसत होती. तांब्या आमच्या मंडळाचा होता.

पुरावा मिळाला होता, फक्त तो आमचा होता.

फोटो पाहून भाऊ आधी हसले. मग म्हणाले, “अगं, तिनंच ओंजळ पुढं केली. मी काय करणार?”

“तांब्या तिच्या हातात द्यायचा.”

“त्या घाईत सुचतं का? मुकादम समोर बसलेला. आणि हे बघ, ही भानगड बाहेर गेली तर काम बुडेल. फाडून टाक.”

सभांमधून समतेवर तास तास बोलणारा माणूस. त्याचा आवाजही चढला नव्हता. मला त्याचीच जास्त चीड आली.

मी फोटो मावशीपुढं ठेवला. तिनं तो जवळ घेतला, लांब धरला. तिला धक्काबिक्का काही बसला नाही. “लय झ्याक आलाय की,” ती म्हणाली. “आगं, त्यास्नी कशाला बोलतीस? त्येंचा हात वर गेला, माझा खाली. समद्यांचं तसंच हाय. तू ह्योच दाव सायबाला. मी येती संगं.”

साहेबानं फोटो पाहिला आणि खुर्चीत मागं रेलला. “हे तर तुमचेच पुढारी. म्हणजे घाण तुमच्यात आहे.”

“आहे. आम्ही हा फोटो छापतोय, त्यांच्या चेहऱ्यासकट,” मी म्हणाले. “खाली तुमच्याबद्दल काय लिहायचं तेवढं सांगा.”

त्यानं फोटो टेबलावर पालथा घातला. तेवढ्यात मावशी म्हणाली, “सायेब, पिंपाला खालनं तोटी बसवा. कुणी वतायला नगं, कुणी बसायला नगं.”

त्याच आठवड्यात तोटी बसली. एवढीशी पितळी तोटी, पहिल्या दिवशीच बसवता आली असती. फोटो आम्ही छापला. भाऊंनी मंडळ सोडलं, आणि त्यांच्यासोबत निम्मं मंडळही गेलं.

तोटी सुरू झाली तेव्हा मी तिथं होते. मावशीनं आपला डबा खाली धरला आणि स्वतःच्या हातानं तोटी फिरवली. रांगेतल्या गावातल्या बायका दोन पावलं मागं सरकल्या. त्यातली एक करवादली, “बाटवलीस की गं तोटी. आता धुया लागंल.”

मावशीनं डबा काठोकाठ भरला, घोटभर प्यायली आणि बाजूला झाली. “धू की मग. पानी हाय, तोटी हाय. फिरीव.”