बकुळीचा खुनी

चाळीस वर्षं पेणमध्ये बातमीदारी केली, पण मी लावलेला सगळ्यात मोठा शोध कुठल्याच पेपरात आला नाही. का, ते ऐका. चहा निवला तरी चालेल.

माझा शाळासोबती सॅमसन जवळच्याच कासू गावचा. ऐन विशीत घरच्या सगळ्यांबरोबर इस्रायलला गेला. पुढे रस्ता रुंद झाला आणि त्यांच्या दारातली बकुळ तोडली. तेव्हा मी त्याला फोनवर शब्द दिला, ‘रोह्याच्या रानातनं रोप आणून माझ्या अंगणात वाढवतो. तू ये फुलं वेचायला.’

चार रोपं आणली. चारही मेली. सॅमसन दर रविवारी विचारणार, ‘बकुळ कशी हाय रे?’ आणि जन्मभर लोकांच्या थापा उघड्या पाडणारा मी सांगणार, ‘जोरात हाय.’

आता तो म्हणाला, दिवाळीनंतर येतो.

म्हणजे खुनी सापडायलाच हवा. नळाचं पाणी, कारखान्याची धूळ, दुकानातलं खत, सगळ्यांविरुद्ध अर्ज ठोकले. मग कळलं, रोह्याच्या त्याच रानात मानसी नावाची संशोधक मुलगी माती तपासते. अंगणातली माती डब्यात भरली आणि गेलो.

तिनं एका नळीत रानाची माती घातली, दुसरीत माझी, आणि दोन्हींत कसलंसं औषध टाकलं. आमचं जेवण होईपर्यंत रानाची नळी पिवळीधमक. माझी पाण्यासारखी नितळ.

‘बघ,’ मी गरजलो, ‘रानात विष कालवलंय. उद्या पहिल्या पानावर घेतो.’

‘काका, उलटं हाय. मुळांवरची बुरशी एन्झाइम सोडते, म्हणजे पाचकरस म्हणा. त्यानं मातीत अडकलेला फॉस्फरस सुटतो आणि झाडाला मिळतो. हे काम जोरात चालू असलं की नळी पिवळी होते. तुमच्या मातीत कामावर कुणी हायच नाय.’

‘कुणी मारलं त्यांना? नाव सांग.’ मी वही काढली.

‘रोप लावताना तुम्ही काय करता?’

‘काय करणार? मुळं नळाखाली चोळून धुतो. माती, बुरशी, सगळी घाण काढतो. वर दर आठवड्याला बुरशीनाशक.’

‘मग लिहा की नाव,’ मानसी म्हणाली. माझं पेन तसंच वहीवर टेकलेलं.

पाचवं रोप तिनं मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट दिलं. ते गुडघ्याएवढंही नाही, फुलं कुठली. त्या रविवारी सॅमसनला सांगून टाकलं, ‘बकुळ नाय रे. चार मारली मी. धुवून धुवून.’

मला वाटलं, संपलं, आता हा कशाला येतोय.

‘झाडासाठी कोण येतंय?’ तो म्हणाला. ‘तिकडं माझं असं तूच एक उरलायस. फक्त स्टेशनवर मला घ्यायला येशील ना, तेव्हा अंघोळ करून येऊ नको.’