सासऱ्यांच्या जिभेवरचे जिवाणू

मी रोह्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि राहते पेणकडे, जिते स्टेशनाजवळच्या सासरच्या गावी. गेल्या हिवाळ्यात मला मुलांकडून एक नवा प्रयोग करून घ्यायचा होता. विषय होता नायट्रिक ऑक्साइड. हा वायू आपल्या रक्तवाहिन्या सैल ठेवतो, आणि तो बनवण्यात जिभेवरच्या जिवाणूंचा हात असतो. पालेभाजीतलं नायट्रेट रक्तातून लाळेत येतं. जिवाणू आपल्या एन्झाइमने त्याचं नायट्राइट करतात. काही जिवाणू आणखी एक एन्झाइम वापरून थेट नायट्रिक ऑक्साइडपर्यंत पोचतात. उरलेल्या नायट्राइटपासून पोटातल्या आम्लात थोडा तोच वायू तयार होतो. वायू स्वतः टिकत नाही, म्हणून शोधायचं ते नायट्राइट. लाळेत रसायनाचे थेंब टाकायचे, गुलाबी रंग आला की समजायचं जिवाणू कामावर आहेत.

मुलांसमोर फजिती नको म्हणून रविवारी घरीच तालीम घेतली. सासूबाईंनी परसातल्या माठाची पालेभाजी परतली होती, ती सगळ्यांनी तांदळाच्या भाकरीशी खाल्ली. थोडा वेळ जाऊ दिला, मग सगळ्यांना ओटीवर बसवून एकेकाच्या हातात काचेची नळी दिली आणि तीत थुंकायला सांगितलं. सासूबाईंना हसू आवरेना, त्यामुळे त्यांचं थुंकणं लांबत गेलं. माझी नळी गुलाबी झाली, नवऱ्याची झाली, सासूबाईंची तर चांगली गडद. सासऱ्यांची मात्र पाण्यासारखी राहिली.

सासरे भाताची आणि वालाची शेती करणारे, कशात मागे राहणं त्यांना चालत नाही. त्यांनी आधी नळीवर संशय घेतला, मग रसायनावर. मी नवी नळी दिली. ते पुन्हा थुंकले, पुन्हा काही नाही. भाजी तर त्यांनीच सगळ्यांत जास्त खाल्ली होती.

मी हात धुवायला मोरीत गेले तेव्हा फळीवर चूळ भरायच्या औषधाची बाटली दिसली. वर्षापूर्वी पेणला दाढ काढली तेव्हा डॉक्टरांनी ती दिली होती. तोंडाला मस्त थंडावा येतो म्हणून सासऱ्यांनी नव्या बाटल्या आणून ते औषध पुढेही चालूच ठेवलं, सकाळ-संध्याकाळ. मी बाहेर येऊन सांगितलं की या औषधाने वाईट जिवाणूंबरोबर हे कामाचे जिवाणूही मरतात, मग नायट्रेटचं नायट्राइट करणार कोण?

सासरे उठून मोरीतली बाटली घेऊन आले. मग म्हणाले, "म्हंजे मीच मारले व्हय सगले?"

सासूबाई म्हणाल्या, "नायतर काय. मी रोज सांगत होते, ठेवा ती बाटली."

मी सासऱ्यांना डॉक्टरांना विचारूनच काय ते करायला सांगितलं. ते दुसऱ्याच दिवशी पेणला गेले. डॉक्टर हसले म्हणे. औषध थोड्याच दिवसांसाठी होतं. बाटली त्या दिवसापासून बंद झाली.

पुढे प्रयोगाच्या दिवशी मी वर्गात नळ्या मांडत होते, तर दारात सासरे. धुतलेला सदरा, हातात डबा. जित्याला गाडी पकडून एकटेच रोह्याला आले होते. माठ-भाकरी बाहेर कट्ट्यावर बसून तासाभरापूर्वीच खाल्ली म्हणाले. मुलांना मी ओळख करून दिली, आणि ते अगदी गंभीर चेहऱ्याने रांगेत उभे राहिले.

थेंब पडले. आधी काहीच दिसलं नाही. मग हळूहळू तळापासून गुलाबी रंग वर चढत गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी नळी उजेडाला धरली आणि एकेका बाकाजवळ नेऊन दाखवली. एका मुलीने विचारलं की औषध सोडल्यावर काही फरक जाणवला का.

"जेवणाला चव येया लागली," ते म्हणाले. "मला वाटलं, म्हातारपणामुलं गेली व्हती."

ती बाटली जिभेची चवही मारू शकते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं; घरात वर्षभर ते चाललं होतं आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघं नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात गेलो. त्यांनी मासळीबाजारातून जवळा घेतला, घरी कसा करायला सांगायचा ते ठरवत, आणि परतीच्या गाडीत मला विचारत राहिले की जिवाणूंना माणसासारखी माठाची चव कळते का.